शब्दाचा काटा चोख ठेवा

सभासद बंधूंनो, आपल्यातल्या कित्येकांची मुलं आता जमीन-प्लॉटच्या व्यवहारात एजंट म्हणून उतरत आहेत. धंदा वाईट नाही. पण 'दलाल' म्हटलं की माणूस चार हात लांब राहतो. मग नव्या पोराकडं गिऱ्हाईक यावं कसं?

आम्ही म्हणतो, आधी कायद्यात बसा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकायचे तर एजंटालाही नोंदणी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. तो नोंदणी क्रमांक पाटीवर ठळक लिहा.

शेतजमिनीचं प्रकरण निराळं. तिथं सातबारा, आठ-अ अन् फेरफार स्वतः वाचायला शिका. 'इतर हक्कां'त सोसायटीचा बोजा, बहिणीचं नाव किंवा कुळाची नोंद असेल, तर गिऱ्हाइकानं विचारण्याआधी सांगा. बांधावर जाऊन वाट आहे का, विहिरीत हिस्सा किती, तेही पाहा. घेणारा शेतकरी नसेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे इसारापूर्वीच बोला.

खरं सांगण्यानं एखादा सौदा मोडेल, दलाली जाईल. जाऊ द्या. इसारात माणसाची हयातभराची पुंजी अडकते. ती वाचवणाऱ्याचं नाव तो चार ठिकाणी घेतो. काट्यात खोट दिसली की ऊस दुसरीकडं जातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एजंटाचा शब्द हाच त्याचा काटा. घरच्या पोराला एवढं समजावून सांगा.