इंजिनातील तेल केव्हा बदलावे?

ट्रॅक्टरचे तेल काळे पडले की ते निकामी झाले, असा समज गावोगावी आढळतो. तो खरा नाही. डिझेल जळताना निघणारी काजळी धरून ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच होय. त्यामुळे नवे तेलही थोड्याच तासांत काळवंडते. उलट तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे, आणि मोजपट्टीवर पातळी आपोआप वाढली तर बहुधा डिझेल उतरत आहे, असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे.

तेल बदलण्याची वेळ तासांच्या मीटरवरून ठरवावी. पुष्कळ ट्रॅक्टरांना पहिल्यांदा सुमारे ५० तासांनी व पुढे दर २५० तासांनी तेल बदलावे लागते. तथापि आपल्या यंत्राची पुस्तिकाच प्रमाण मानावी. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच. वैशाखातील धुळीच्या नांगरटीत हवेची गाळणी रोज पाहावी.

सिंथेटिक तेल कडक थंडीत लवकर वाहते व अति उष्णतेत अधिक टिकते, हे खरे. परंतु आत शिरलेली धूळ त्यालाही नाहीशी करता येत नाही. महाग तेल भरून मुदत दुप्पट करणाऱ्या शेतकऱ्याला बेअरिंगचा खर्च ऐन पेरणीत सोसावा लागतो. पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० खनिज तेल सांगितले असेल, तर तेच वेळेवर बदलणे पुरेसे आहे.

तेल इंजिन कोमट असताना काढावे, सोबत तेलाची गाळणीही बदलावी. जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. मीटरचा आकडा व तारीख मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावी.