लाइटच्या तारेतून नेट : काय खरं, काय ऐकीव

वसमत किंवा कळमनुरीच्या जुन्या वस्तीतलं घर सहसा एका दमात बांधलेलं नसतं. पुढे दगडमातीच्या जाड भिंतींचं माळवद, मागे नंतर कधीतरी घातलेली स्लॅबची खोली, वर मुलाच्या लग्नाच्या वेळी चढवलेला मजला. फायबर समोरच्या खोलीपर्यंत येतं, राउटर टीव्हीशेजारी बसतो आणि मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या पोरीच्या मोबाइलवर वायफायची जेमतेम एक कांडी दिसते. मग कुणीतरी सुचवतं, पॉवरलाइन अडॅप्टर घ्या, लाइटच्या बोर्डातूनच नेट जातं. सल्ला खोटा नाही. पण या डब्यांविषयी ऐकीव माहितीच फार, आणि पैसे जातात ते तिच्यामुळे.

‘लाइटच्या तारेतून नेट येतं, म्हणजे नेटचं कनेक्शनच नको.’ हा सगळ्यात भाबडा समज. महावितरण तुमच्या घरी वीज पाठवतं, इंटरनेट नाही. कनेक्शन बीएसएनएलचं असो की केबलवाल्याचं, ते लागतंच. अडॅप्टर जोडीनं येतात. एक राउटरजवळच्या बोर्डात लावून केबलनं राउटरला जोडायचा, दुसरा मागच्या खोलीत. पहिला डबा राउटरकडून आलेल्या डेटाचे २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले सिग्नल करून तारेत सोडतो, नवी मॉडेलं ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. त्याच तारेत ५० हर्ट्झची वीज वाहत असते, पण दोन्हींच्या कंपनसंख्येत एवढं अंतर आहे की ती एकमेकींच्या आड येत नाहीत. दुसरा डबा ते सिग्नल वेचून पुन्हा डेटा करतो. मागच्या खोलीत बरीच साधनं असतील, तर वायफाय असलेला दुसरा डबा घ्यावा, किंवा साध्या डब्याला छोटा स्विच जोडावा. वेग मात्र सगळ्यांत वाटला जातो. आणखी दोन डबे लावले म्हणून तो वाढत नाही, तार एकच असते.

कल्पना नवी नाही. उच्चदाबाच्या उपकेंद्राजवळून जाताना तारांच्या तोंडाशी पिंपासारखं गोल वेटोळं टांगलेलं दिसतं. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका उपकेंद्रातून दुसऱ्याशी बोलण्यासाठी आणि संरक्षणाचे इशारे देण्यासाठी वीज मंडळं त्याच वाहिन्यांवरून सिग्नल धाडत आली आहेत. ते सिग्नल भलतीकडे शिरू नयेत म्हणून ते वेटोळं. घरगुती डब्यांचं पहिलं मानक २००१चं, त्याचा कागदावरचा वेग होता १४ एमबीपीएस.

कागदावरचा हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर ६०० किंवा १,००० छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक तेवढ्या वेगाची वाट पाहत बसतं. तो आकडा म्हणजे तारेवरच्या आदर्श स्थितीतल्या सिग्नलची दोन्ही दिशांची मिळून बेरीज. ६०० वाल्या बहुतेक डब्यांचं केबलचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, त्याच्यावर वेग जाणारच कसा? साधारण वायरिंगवर पाव हिस्सा मिळाला तरी बरं म्हणायचं. ऑनलाइन क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे रडायचं कारण नाही. पण नेटचा प्लॅनच ४० चा असेल, तर हजारवाला डबा घेऊन काय साधणार?

खरा प्रश्न डब्याचा नसून वायरिंगचा असतो, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. टप्प्याटप्प्यानं वाढलेल्या घरात वायरिंगही तसंच वाढतं : जुन्या लाकडी पट्टीवरच्या तारेला पुढे पीव्हीसी पाइपातली तार, मध्ये टेप गुंडाळलेला जोड. अशा प्रत्येक जोडाशी सिग्नल झिजतो. नव्या डब्यांना अर्थिंगची तिसरी तार वापरून वेग वाढवता येतो, पण बोर्डाच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नसेल, तर ते दोनच तारांवर भागवतात. घरात थ्री-फेज मीटर असेल, तर एक फेज गेल्यावर कोणत्या खोल्या अंधारात जातात ते आठवून पाहा. राउटर उजेडात आणि मागची खोली अंधारात राहत असेल, तर दोन्ही बोर्ड वेगळ्या फेजवर आहेत. तिथे डब्यांची जोडी लागेलच याची खात्री नाही, लागली तरी लंगडत चालेल.

त्यात गोंगाट. मिक्सर, स्वस्तातला मोबाइल चार्जर, एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे तारेत बारीक खरखर सोडतात. मिक्सर सुरू होताच व्हिडिओ अडखळला, तर दोष नेटवाल्याचा नाही. (विजेची खरखर मोठ्यांनाही सोडत नाही. आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची जी लायगो वेधशाळा होते आहे, तिच्या अमेरिकेतल्या बहिणींच्या नोंदींत तिथल्या ६० हर्ट्झ विजेची गुणगुण उमटते आणि शास्त्रज्ञांना ती वेगळी काढावी लागते.)

‘महागडी वस्तू आहे, स्पाइक गार्डमध्ये लावा.’ काळजी रास्त, जागा चुकीची. स्पाइक गार्डमधला फिल्टर नेमकी हीच वरच्या कंपनसंख्येची गडबड शोषून घेतो, त्यात आपला सिग्नलही जातो. डबा थेट भिंतीवरच्या बोर्डात लावायचा. विजा कडाडू लागल्या की काढून ठेवायचा.

आता इन्व्हर्टर. राउटर इन्व्हर्टरवर आहे, म्हणजे लाइट गेली तरी मागे नेट चालेल, असं बहुतेकांना वाटतं. लाइट असताना इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे सोडतो, तेव्हा सिग्नल थोडाफार पार होतो. लाइट गेली की आतली रिले पलटते आणि इन्व्हर्टरची लाइन बाकीच्या घरापासून तुटते. मागच्या खोलीचा बोर्ड इन्व्हर्टरवर नसेल, तर तिथला डबा बंदच पडणार. दोन्ही बोर्ड इन्व्हर्टरवर असतील तर जमतं, तेही शक्यतो साइन वेव्ह इन्व्हर्टरवर. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरची खरखर फार.

वाटण्या झालेल्या घरांत एक वेगळीच शंका निघते : भावाचं मीटर शेजारी आहे, त्याला आपलं नेट फुकट मिळेल का? मीटरपाशी सिग्नल क्षीण होतो, पण भिंतीसारखा अडत नाही. कधीकधी शेजारच्या घरापर्यंत पोचतो. म्हणून या डब्यांत १२८ बिटचं एन्क्रिप्शन असतं. मेख अशी की बऱ्याच डब्यांची किल्ली कारखान्यातून एकसारखीच येते. डब्यावरचं पेअरचं बटण दाबून ती बदलली नाही, तर शंका अगदीच खोटी नाही.

आणि आखाडा. गावातल्या घरून शेतातल्या आखाड्यावर कॅमेऱ्यासाठी लाइनवरूनच नेट न्यायचं, हे या भागात हमखास विचारलं जातं. नाही जात. शेतीपंपाची डीपी वेगळी, बऱ्याचदा फीडरही वेगळा, आणि ट्रान्सफॉर्मर ओलांडणं या सिग्नलच्या बसची बात नाही. शिवाय खोक्यावर लिहिलेले ३०० मीटर हे तारेचं अंतर, भिंतीतून वरखाली फिरणाऱ्या तारेचं. मध्ये झाडं-इमारती नसतील, तर गच्चीवर आणि आखाड्यावर समोरासमोर दोन वायरलेस अँटेना हा त्यावरचा उपाय. नाहीतर कॅमेऱ्यात सरळ सिमकार्ड.

विजेच्या बिलाची धास्ती सोडा. दोन डबे मिळून पाच-सहा वॅट धरले, तर दिवसरात्र चालूनही महिन्याला चारेक युनिट होतात.

माझं मत विचाराल तर हा डबा तिसऱ्या क्रमांकाचा. राउटर टीव्हीमागच्या कोनाड्यातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून पाहणं पहिलं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यानंतर कॅट-सिक्स केबल. ती १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते, तिला फेजशी, मिक्सरशी, अर्थिंगशी देणंघेणं नाही. मागच्या खोलीपर्यंत तार ओढणं खरंच जमत नसेल, दोन फूट मातीची भिंत फोडायला घरचे तयार नसतील, तरच अडॅप्टर. घेताना ‘चाललं नाही तर परत घेणार का’ हे आधी विचारून घ्या, कारण तुमच्या भिंतीतलं वायरिंग दुकानदारानंही पाहिलेलं नसतं.