क्रॅबग्रासला वसंताआधीच अडवा

न्यू जर्सीत घरापुढे लॉन राखणाऱ्या मराठी कुटुंबांना भर उन्हाळ्यात हैराण करणारे तण म्हणजे क्रॅबग्रास. ते एका हंगामाचे सोबती. पहिल्या कडक थंडीत मरते, पण तोवर हजारो बिया मातीत पडलेल्या असतात. म्हणून बंदोबस्त वसंताच्या तोंडावरच करायचा. मातीचे तापमान सलग काही दिवस १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले की बी रुजू लागते. फोर्सिथियाची पिवळी फुले उमलली की वेळ आली समजा. ती गळण्याआधी प्रोडायमिन किंवा पेंडिमिथॅलिनचे दाणे पसरून पाणी द्या. ही औषधे बी मारत नाहीत, कोंबाची मुळे वाढू देत नाहीत. त्यामुळे त्याच वेळी नवे गवत पेरू नये, तेही तगणार नाही. पेरणी सप्टेंबरात करावी. आधीच मूळ धरलेल्या डँडेलियनवर यांचा उपयोग नाही. माझ्या मते खरा टिकाऊ उपाय म्हणजे गवत तीन-साडेतीन इंच उंच ठेवणे. दाट गवताखाली क्रॅबग्रासला ऊन मिळत नाही. आणि फुटपाथवर सांडलेले दाणे झाडून पुन्हा लॉनवर टाका. नाहीतर पावसाबरोबर ते गटारातून ओढ्यात जातात.