निसटणारी चप्पल आणि आखूड मान

"डॉक्टर, चप्पल पायातून कधी निसटते ते कळतच नाही. शर्टाची बटणंही आई लावून देते." बाह्यरुग्ण विभागात आलेला बावीस वर्षांचा तरुण सांगत होता. वर्षभर त्याने 'अशक्तपणा' म्हणून ताकदीची इंजेक्शने घेतली होती. मान मात्र कुणी पाहिली नव्हती. ती लहानपणापासून आखूड होती, मागचे केसही बरेच खालपर्यंत उतरलेले. खरे दुखणे तिथेच होते.

मानेचा पहिला मणका कड्यासारखा असतो. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा उंचवटा त्या कड्यात खुंटीसारखा बसतो. मान वळण्याची जवळपास निम्मी हालचाल याच सांध्यात होते. कड्यातली साधारण एक तृतीयांश जागा दाताची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली मोकळी असते. गर्भात हे मणके घडताना कधी पहिला मणका कवटीला चिकटतो, कधी दात नीट जोडला जात नाही, कधी तो कवटीच्या छिद्रात वर सरकतो. मोकळी जागा संपली की मज्जारज्जू दाबला जातो.

दोष जन्मजात असला, तरी त्रास अनेकदा तरुणपणी सुरू होतो. हातापायांना मुंग्या येणे, बोटांची बारीक कामे न जमणे, चालताना पाय ताठणे, मान वाकवताच पाठीतून झटका जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे. मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांतून निदान होते.

सैल सांधा स्क्रूंनी पक्का करण्याची शस्त्रक्रिया यावर उपलब्ध आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी सहकाऱ्यासह १९९४ मध्ये मांडलेली पट्टी-स्क्रूची पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

अशी लक्षणे असतील तर न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका, मालीश करू नका, शीर्षासन टाळा, डोक्यावर ओझे घेऊ नका. सैल सांध्याला एक हिसकाही महागात पडू शकतो. आधी मज्जातंतूतज्ज्ञांना दाखवा.

त्या तरुणाची शस्त्रक्रिया झाली. आता बटणे तो स्वतः लावतो. पायांचा ताठरपणा मात्र थोडा राहिलाच. शस्त्रक्रियेने दाब निघतो. पण फार काळ दबलेला मज्जारज्जू पूर्ववत होईलच असे नाही. तो वर्षभर आधी आला असता तर, हा विचार अजून मनात येतो.