गिल्डची संघटना, लेखांक ६ : लुटीचा हिशेब

गिल्डमधली बहुतेक भांडणे बॉस मेल्यानंतर सुरू होतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या ‘मोल्टन कोअर’ या रेडला चाळीस खेळाडू लागत. बॉस पडला की मोजक्या दोन-चार वस्तू हाती येत. त्यातली चांगली वस्तू ज्याने उचलली त्याचीच होई, पुढे कोणाला देता येत नसे. शिवाय एकदा मारलेला बॉस त्या आठवड्यात पुन्हा भेटत नसे. सगळ्यांच्या अंगावर चांगले चिलखत चढायला महिनेच्या महिने लागणार हे उघड होते, आणि तोवर चाळीस माणसांनी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर राहायचे होते. फासे टाकून वाटप केले तर पहिल्यांदाच आलेला पाहुणा वस्तू घेऊन जातो आणि सहा महिने राबलेला हीलर रिकाम्या हाताने परततो. अशा दोन-तीन रात्री झाल्या की हीलर येणे बंद करतो.

यावरचा तोडगा खेळाडूंनीच आधी काढून ठेवला होता. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डने सभासदांच्या हजेरीला गुण द्यायला सुरुवात केली. त्या वेळचे मोठे शत्रू म्हणजे लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन हे दोन ड्रॅगन. म्हणून या गुणांना ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, थोडक्यात डीकेपी, हे नाव पडले. रेडला आले की पॉइंट जमा, वस्तू घेतली की पॉइंट वजा. खेळ बनवणाऱ्या कंपनीचा यात काही संबंध नव्हता. वही गिल्डची, नियमही गिल्डचेच.

या वहीचे सर्वांत नेटके रूप म्हणजे शून्य-बेरजेची पद्धत. समजा, तलवारीची किंमत ७८ पॉइंट ठरली आणि रेडला चाळीस जण आहेत. तलवार घेणाऱ्याच्या नावावर ७८ वजा होतात आणि तेच ७८ उरलेल्या एकोणचाळीस जणांत दोन-दोन करून वाटले जातात. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य राहते, त्यामुळे पॉइंटांचा सुकाळ होऊन त्यांची किंमत घसरत नाही. अडचण वेगळीच आहे. नव्या बॉसवर रात्रभर मरूनही काहीच हाती लागले नाही, तर त्या रात्रीच्या मेहनतीची कुठेच नोंद होत नाही. आणि गिल्डला माणसे खरी टिकवायची असतात ती नेमक्या अशाच रात्री. म्हणून अनेक गिल्ड वेळेवर येण्याचे, शेवटपर्यंत थांबण्याचे आणि जागा नसल्याने बाहेर ताटकळत बसलेल्यांचेही पॉइंट देतात.

मात्र नुसते पॉइंट देत गेले की जुने सभासद साठेबाज होतात. दोन वर्षांची शिल्लक बाळगणाऱ्यापुढे नवा माणूस कधीच टिकत नाही आणि तो गिल्ड सोडतो. यावर घट लावणे हा उत्तम उपाय आहे. दर आठवड्याला शिलकीतून दहा टक्के कापून नंतर नवे शंभर पॉइंट जमा केले, तर कोणाचीही शिल्लक हजाराच्या वर जाऊ शकत नाही. आणि नवा सभासद सातव्या आठवड्यालाच पाचशेचा टप्पा ओलांडतो. जुन्याचा मान राहतो, नव्याची आशाही राहते. ‘ईपीजीपी’ ही पद्धत हेच भागाकाराने साधते: मेहनतीच्या पॉइंटांना घेतलेल्या वस्तूंच्या पॉइंटांनी भागायचे. ६०० मेहनत आणि २०० वस्तू असलेल्याचा आकडा ३ येतो, ४०० आणि १०० वाल्याचा ४. पुढची वस्तू दुसऱ्याला.

काही गिल्ड वही बाजूला ठेवून ‘लूट काउन्सिल’कडे, म्हणजे चार-पाच अनुभवी सभासदांकडे निर्णय सोपवतात. टँकला ढाल आधी मिळाली तर सगळी रेड जगते, हे पॉइंटांना कळत नाही, माणसांना कळते. पण काउन्सिलच्या सभासदांनीच पहिल्या वस्तू घेतल्या की संशयाला तोंड फुटते. काउन्सिल टिकवायची असेल तर प्रत्येक निर्णयाचे कारण एका ओळीत लिहून सर्वांना दिसेल असे ठेवणे हा किमान नियम हवा. एवढे लिहायचाही ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी ही पद्धत स्वीकारूच नये.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीनेही मध्ये हात घालून पाहिला. २०१८ च्या ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ या खेळाच्या विस्तारात तिने प्रत्येकाला परस्पर वैयक्तिक लूट देणे सक्तीचे केले. वाद कमी झाले, पण गिल्डच्या हातातला वाटपाचा अधिकारही गेला. २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये सामूहिक लूट परत आली.

दरम्यान २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये ‘जीडीकेपी’ फोफावली. तिचे गणित लिलाव भिशीचे आहे: वस्तूचा खेळातल्या सोन्यात लिलाव होतो आणि जमलेली रक्कम हजर असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. अनोळखी माणसांची रेडही यामुळे सुरळीत पार पडते, कारण रिकाम्या हाताने कोणी जात नाही. परंतु डीकेपी फक्त हजर राहूनच मिळते, सोने मात्र खऱ्या पैशांनी चोरवाटेने विकत घेता येते. मोठी बोली लावणाऱ्यांमुळे त्या चोरबाजाराला गिऱ्हाईक मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लासिकच्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’त ब्लिझर्डने जीडीकेपीवर बंदी घातली आणि तिथल्या गिल्डना वाटपासाठी पुन्हा पॉइंट, काउन्सिल किंवा फासे यांतूनच निवड करावी लागली.