ध्रुवीय पर्यावरणाचे संरक्षण

उत्तर व दक्षिण ध्रुवांभोवतालची हिमाच्छादित भूमी, समुद्र व जीवसृष्टी यांना मानवी व्यवहारांमुळे होणारी हानी रोखण्याची आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय व्यवस्था. दोन्ही ध्रुवांची स्थिती मूलतः भिन्न आहे. उत्तर ध्रुवाभोवती महासागर असून त्याच्या काठी सार्वभौम राष्ट्रांचे प्रदेश व पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोकसमाज आहेत. दक्षिणेस समुद्राने वेढलेले अंटार्क्टिका खंड असून तेथे मूळची मानवी वस्ती नाही व कोणत्याही राष्ट्राची सर्वमान्य सत्ताही नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अंटार्क्टिकाचा व तेथील भारताच्या सहभागाचा विचार केला आहे.

नाजूकपणाची कारणे : अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सु. १.४ कोटी चौ. किमी. असून त्याचा सु. ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. हे सर्व बर्फ वितळल्यास जगातील समुद्रपातळी सु. ५८ मी. वाढेल, त्यामुळे या खंडाचे भवितव्य कोकण-गोव्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांशीही निगडित आहे. बर्फमुक्त जमीन फार थोडी असून पेंग्विनांच्या वसाहती, शेवाळे, दगडफुले आणि संशोधन स्थानके या सर्वांना तीच हवी असते. कडक थंडीमुळे वनस्पतींची वाढ व सेंद्रिय पदार्थांचे विघटन अतिशय मंद गतीने होते. परिणामी शेवाळावर पडलेले पाऊल कित्येक वर्षे दिसत राहते व टाकलेला कचरा तसाच टिकून राहतो. दूरवरचे प्रदूषणही येथे पोहोचते. डीडीटी या कीटकनाशकाचे अंश १९६० नंतरच्या दशकात पेंग्विनांच्या शरीरात आढळले, तर १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी येथील ओझोन थराचा ऱ्हास निदर्शनास आणला.

करारांचा विकास : १८१९ मध्ये दक्षिण शेटलंड बेटांचा शोध लागल्यावर थोड्याच वर्षांत तेथील फर सील जवळजवळ नष्ट करण्यात आले. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात ३ लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. याच काळात सात राष्ट्रांनी खंडाच्या निरनिराळ्या भागांवर हक्क सांगितले. त्यांपैकी ब्रिटन, अर्जेंटिना व चिली यांचे दावे परस्परांवर अतिक्रमण करणारे होते. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर स्वाक्षऱ्या केल्या व २३ जून १९६१ रोजी तो अंमलात आला. ६० अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रदेश केवळ शांततामय कार्यासाठी वापरावा, तेथे अणुस्फोट करू नयेत व किरणोत्सर्गी कचरा टाकू नये, असे त्यात ठरले. प्रादेशिक दावे मान्य वा अमान्य न करता आहेत त्या स्थितीत ठेवण्यात आले. त्यानंतर सील (१९७२) व सागरी सजीव संपत्ती (१९८०) यांविषयी स्वतंत्र करार झाले.

खनिजांचा प्रश्न मात्र अवघड ठरला. नियंत्रित खाणकामास वाट ठेवणारा करार १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे तयार झाला होता. जानेवारी १९८९ मध्ये ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळून तेलगळती झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी या करारास नकार दिल्याने तो अंमलात आला नाही. त्याऐवजी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण-संरक्षण संलेखावर स्वाक्षऱ्या झाल्या. १९९८ पासून अंमलात असलेल्या या संलेखाने वैज्ञानिक संशोधनाखेरीज खनिजविषयक सर्व कार्यास बंदी घातली. ही बंदी २०४८ मध्ये आपोआप संपेल, हा समज चुकीचा आहे. त्या वर्षानंतर फेरविचाराची परिषद मागता येईल, एवढेच.

भारताचा सहभाग : अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे यावा, अशी मागणी भारताने १९५६ मध्ये व पुन्हा १९५८ मध्ये केली, परंतु हक्कदार राष्ट्रांच्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला व त्याच वर्षी त्यास निर्णयाधिकार असणाऱ्या सल्लागार राष्ट्राचा दर्जा मिळाला. मलेशियाने हाच प्रश्न १९८३ मध्ये आमसभेत उपस्थित केला, तेव्हा भारत करारराष्ट्रांच्या बाजूने उभा होता.

दक्षिण गंगोत्री हे भारताचे पहिले स्थानक १९८३-८४ मध्ये तरंगत्या हिमफलकावर उभारले गेले. ते हळूहळू बर्फाखाली गाडले गेल्याने १९९० मध्ये सोडावे लागले. शिर्माकर ओॲसिस या खडकाळ भागात मैत्री (१९८९) व लार्समन टेकड्यांमध्ये भारती (२०१२) ही पुढील स्थानके होत. भारती उभारण्यापूर्वी पर्यावरणीय परिणामांचा सर्वंकष अहवाल इतर करारराष्ट्रांपुढे ठेवावा लागला. या स्थानकाची इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून केलेली असून ती सुटी करून परत नेता येते. दक्षिण गंगोत्री व भारती यांतील हा फरक माद्रिद संलेखाने घडविलेल्या बदलाचा द्योतक आहे. या मोहिमांचे नियोजन गोव्यातील वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक अधिनियमाने परवान्याविना प्रवेश, खाणकाम, परकीय जीवजाती नेणे, कचरा टाकणे इ. गोष्टींस प्रतिबंध करून भारतीय न्यायालयांना अधिकार दिले.

संरक्षणातील अडचणी : करारातील नव्या राष्ट्रास निर्णयाधिकार मिळविण्यासाठी तेथे भरीव संशोधन करून दाखवावे लागते. यामुळे स्थानके, जहाजे व इंधनसाठे वाढतात. म्हणजेच संरक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार त्या प्रदेशावर भार टाकूनच मिळतो. दुसरे असे की, निर्णय सर्वसंमतीने होतात. रॉस समुद्रातील सु. १५.५ लाख चौ. किमी. संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मान्य झाले; तथापि पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र यांविषयीचे प्रस्ताव रशिया व चीन यांच्या विरोधामुळे अनेक वर्षे रखडले. मात्र एकाही राष्ट्राला डावलता येत नसल्यानेच परस्परविरोधी राष्ट्रे या व्यवस्थेत टिकून राहिली, हेही खरे.

आर्क्टिक प्रदेशात असा सर्वंकष करार नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आठ राष्ट्रांबरोबर मूळ रहिवाशांच्या संघटनांनाही स्थान आहे. भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार येथे असून २०१३ पासून भारत परिषदेचा निरीक्षक आहे. तापमानवाढीस कारणीभूत वायूंचे उत्सर्जन मुख्यतः ध्रुवांपासून दूर होते. त्यामुळे ध्रुवांपुरते केलेले करार खाणी व शिकार रोखू शकले, तरी बर्फाचे रक्षण केवळ त्यांच्या आधारे होणार नाही.