पऱ्हाटीतला प्रार्थना कीटक घरी पाळायचाय? मग हे वाचा

पुढचे पाय जोडून बसलेला हा किडा अमरावती-अकोल्याकडे पावसाळ्यात अन् नंतरही पऱ्हाटीत, तुरीत, परसबागेत दिसतो. मान वळवून मागे बघणारे कीटक फार थोडे, हा त्यातला एक!

🌿 घर: उंच बरणी, आत काडी, तोंडाला जाळीदार कापड. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो. तेव्हा हात लावू नका. पडला तर पाय वाकडे होतात.

🌿 खाणं: जिवंत माश्या, पतंग, छोटे नाकतोडे. फवारणीच्या शेतातले किडे नकोत.

🌿 पाणी: काडीवर हलका फवारा. थेंब तो स्वतः पितो.

🌿 एका बरणीत एकच. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो.

तो विषारी नाही. आयुष्य जेमतेम वर्षभराचं.

पऱ्हाटीच्या काडीवर वाळलेल्या फेसासारखा भुरकट गोळा दिसला, तर ती त्याची अंडी. त्यातून निघणारी पिल्लं मावा अन् बारीक किडी फस्त करतात. म्हणून शेतकरी मित्रांनो, पऱ्हाट्या काढताना बोंडं नसलेली तेवढी काडी मोडून बांधावरच्या झुडपात अडकवून ठेवा! 🙏